तुर्रेवाला चहा

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका शेडमध्ये मी नोकरी करते. तिथे तयार होणारी कोणतीही वस्तू बाजारात मिळत नाही. सिनेमा, मालिका आणि जाहिरातींच्या चित्रीकरणासाठी लागणारी खोटी उत्पादनं आम्ही बनवतो: बिस्किटांचे पुडे, औषधांच्या बाटल्या, बँकेची पासबुकं, विमानाची तिकिटं. खऱ्या कंपनीचं नाव पडद्यावर दिसायचं असेल तर तिची परवानगी लागते, आणि कथेतली बाई ते बिस्किट खाऊन आजारी पडणार असेल तर अशी परवानगी कोणी देत नाही. म्हणून बिस्किटही खोटं आणि कंपनीही खोटी.

माझं काम नावं तपासण्याचं. त्याआधी मी इथल्या एका इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. तिथली पानं कमी झाली, मग माणसं कमी झाली. डेस्कवर मी मजकुरातली नावं, हुद्दे आणि आकडे खरे आहेत का ते बघत असे. इथे मी एखादं नाव खरं नाही ना, ते बघते. पद्धत तीच आहे. व्यापारचिन्हांच्या नोंदी, कंपन्यांच्या नोंदी, परवानेधारक दुकानं आणि शेवटी साधा इंटरनेटवरचा शोध. नाव कुठेही सापडलं की बाद. सापडलं नाही तर मी एका ओळीचा दाखला लिहिते: ‘या नावाचे उत्पादन वा व्यवसाय अस्तित्वात नाही.’ खाली सही करते. मालिका पुढच्या हंगामात गेली की तपास पुन्हा करावा लागतो, कारण मधल्या काळात कोणीतरी कुठेतरी त्याच नावाने दुकान थाटलेलं असू शकतं.

या नावांना आपलं असं आयुष्य असतं. ‘सात समंदर एअर’ ही आमची विमान कंपनी तीन वेगवेगळ्या सिनेमांत दिसली आणि तिन्हींत तिचं विमान उशिरा आलं. ‘पाम अँड अँकर बँक’ हे नाव मीच मंजूर केलं होतं. अजमानच्या एका रस्त्यावर चित्रीकरणासाठी तिचं एटीएम उभं केलं, तेव्हा दिवे लावून होण्याच्या आतच एका माणसाने त्यात स्वतःचं कार्ड घातलं. मागे प्लायवुडची पेटी होती. आमच्या सुताराने पाठीमागचे स्क्रू काढून कार्ड परत दिलं. तो माणूस म्हणाला, “और पैसा?”

चेहऱ्यांचा प्रश्न नावांपेक्षा अवघड असतो. विकत मिळणारे फोटो आम्ही वापरत नाही, कारण तोच फोटो कोणीतरी खऱ्या मसाल्याच्या पाकिटावर लावलेला असू शकतो. म्हणून शेडमधल्या माणसांचे आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरे वापरायची आमच्याकडे पद्धत पडली आहे. आमचा छपाईवाला राजापूरकडचा. त्याची आई गुडघेदुखीच्या मलमावर आहे. सुताराचा मेहुणा निवडणुकीच्या पोस्टरवर आहे आणि आतापर्यंत प्रत्येक कथेत तो पडला आहे.

माझा नवरा चहाच्या डब्यावर होता.

ती एक हिंदी मालिका होती. दुबईत किराणा दुकान चालवणाऱ्या एका भारतीय कुटुंबाची गोष्ट. दुकानाचा सेट आमच्या शेजारच्या गोदामात लावला होता आणि त्यातला तांदूळ, साबण, लोणचं, सगळं आम्ही पुरवलं होतं. दुकानाच्या मधल्या फळीवर चहाचे मोठे डबे ठेवायचे होते, कारण मालकीण बोलताना त्याच फळीसमोर उभी राहणार होती. कलादिग्दर्शक बाई कोलकात्याच्या. त्यांना डब्यावर भारदस्त, मिशीवाला माणूस हवा होता.

नवरा दुबईच्या देरा भागातल्या एका कार्गो कंपनीत हिशेब बघायचा. मूळचा सांगलीकडचा. शनिवारी काम असलं की मला न्यायला गाडी घेऊन यायचा आणि मी निघेपर्यंत शेडमध्ये फिरून, खोटी औषधं हातात घेऊन त्यावरची खोटी माहिती वाचत बसायचा. कलादिग्दर्शक बाईंनी त्याला तिथे पाहिलं.

“ये मूँछ असली है?” त्यांनी विचारलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “इस पूरे शेड में यही एक चीज असली है.”

करामा भागातल्या मराठी मंडळींच्या गणपतीसाठी आणलेला फेटा आमच्याकडेच होता. तो बांधून, तुरा वर काढून, त्याचा फोटो घेतला. बाईंनी सुचवलेली चार-पाच नावं मी बाद केली, सगळी कुठे ना कुठे होतीच. शेवटी त्यानेच फेट्याकडे बोट दाखवून ‘तुर्रेवाला’ सुचवलं. मी तपासलं. मिठाईचं, पानाचं, कपड्यांचं, कसलंच दुकान त्या नावाचं सापडलं नाही. मी दाखला लिहिला. डब्याच्या मागचा बारीक मजकूरही मीच लिहिला, ‘निवडक पानांचा दाणेदार चहा. कोरड्या जागी ठेवावा’, आणि नसलेल्या गावातल्या नसलेल्या रस्त्याचा पत्ता. डब्यात लाकडाचा भुसा भरला आणि वजन यावं म्हणून तळाशी थोडी वाळू.

मालिका रोज संध्याकाळी लागायची. पहिल्या आठवड्यातच इमारतीत बातमी पसरली. खालचा मल्याळी किराणावाला काउंटरवरून ओरडायचा, “सेठ, अपना चाय इधर कब भेजेगा?”

“इन्शाल्ला,” नवरा म्हणायचा, “पहले बडा दुकान, फिर छोटा दुकान.”

“हबीबी, मेरा दुकान छोटा है?”

“मेरे डिब्बे के लिए छोटा है.”

घरी मी केलेला चहा पिऊन तो पेला खाली ठेवायचा आणि गंभीरपणे सांगायचा, “आमच्या कंपनीच्या दर्जाचा नाही.” आमची मुलगी इथेच वाढलेली, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिच्या मैत्रिणींनी डबा पडद्यावर थांबवून फोटो काढले होते. “बाबा, दिस इज सो एम्बॅरसिंग,” ती म्हणायची. तो म्हणायचा, “मालकाच्या मुलीने असं बोलू नये. कामगारांवर परिणाम होतो.”

मग त्याच्या चुलतभावाचा फोन आला. चुलतभाऊ गावी असतो, एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. गल्फमधल्या माणसाला गावाकडून पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीत?’ हाच विचारतात. नवऱ्याने कार्गो कंपनीचं नाव अनेकदा सांगितलं होतं, पण ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. टीव्हीवर डबा दिसल्यावर गावाने आपापसात ठरवून टाकलं, की ही ती कंपनी.

“दादा, तालुक्याची एजन्सी दुसऱ्या कुणाला दिलीस तर बघ,” चुलतभाऊ म्हणाला. फोन स्पीकरवर होता.

“अर्ज करावा लागतो,” नवरा म्हणाला. “शिक्षण किती?”

“तुला म्हाईत हाय की.”

“मला आहे. कंपनीला नाही. सांग.”

“बारावी.”

“पास का नापास?”

“दादा, वहिनीकडं दे फोन.”

मी फोन घेतला. “भाऊजी, असा चहा नाहीच,” मी सांगितलं. “डब्यात भुसा आहे.”

“टीव्हीवर ती बाई पिती की.”

“तो दुसरा असतो.”

त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाला, “मग चालू करा की खराच. नाव तर झालंय.”

नवरा मागून म्हणाला, “बघितलंस? पोरगं हुशार आहे.”

पुढच्या वर्षी त्याच्या गालाच्या आत, खालच्या दाढांजवळ, एक जखम झाली. ती बरी होईना. तंबाखू त्याने कॉलेजात असताना खाल्ली होती, पुढे कधी नाही. जखमेतला तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याचा उजवा भाग काढावा लागेल, आणि नंतर किरणोपचार. तारीख ठरली. शस्त्रक्रियेच्या सकाळी वॉर्डातला माणूस मिशी काढायला आला, तेव्हा नवऱ्याने त्याला विचारलं, “मालकाला विचारलंस का?” त्या माणसाला कळलं नाही. “मालक कौन?” त्याने विचारलं. नवऱ्याने स्वतःकडे बोट दाखवलं आणि मान वर केली.

काढलेल्या भागाच्या जागी मांडीची कातडी लावली. सूज उतरल्यावर चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग उजवीकडे आत गेलेला दिसला. ओठ मिटत नसत. बोलणं समजायला आम्हाला काही दिवस लागले, बाहेरच्यांना समजतच नसे. किरणोपचार झाल्यावर मिशी फक्त डाव्या बाजूला उगवली. त्याने ती काही दिवस ठेवली, मग एका सकाळी स्वतःच काढून टाकली.

तो खाली जायचा बंद झाला. लिफ्टमध्ये कोणी भेटलं तर मास्क लावलेला असायचा. किराणावाला सामान वर आणून द्यायचा आणि दारातूनच परत जायचा. चहाचा विषय किराणावाल्याने एकदाही काढला नाही.

व्हिसाच्या नूतनीकरणासाठी फोटो हवा होता. त्याने घरातलं फोटोंचं जुनं पाकीट शोधलं आणि आम्ही सरकारी अर्ज भरून देणाऱ्या जवळच्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या माणसाने फोटो हातात घेतला. डब्यासाठी काढलेल्या फोटोंपैकीच एक होता.

“साब, फेटा नहीं चलेगा,” तो म्हणाला. मग त्याने फोटो पुन्हा पाहिला. “ये तो सीरियलवाला है! तुर्रेवाला!”

नवऱ्याने होकारार्थी मान हलवली.

“आपका भाई है?”

नवरा माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं, “यही हैं.” त्या माणसाने मास्ककडे पाहिलं, फोटो काळजीपूर्वक आमच्याकडे सरकवला आणि पांढऱ्या पडद्यासमोरचं स्टूल पुसलं. मास्क काढावा लागला. त्या माणसाने कॅमेऱ्याचं बटण एकदाच दाबलं, दुसऱ्यांदा काढू का असं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मालिका बघताना नवरा म्हणाला, “तिकडं मी ठीक आहे.” हे तो सावकाश बोलला, प्रत्येक शब्द सुटा करून. कथेत काय चाललं आहे ते त्याला ठाऊक नसे. मालकिणीच्या मागे डबा दिसला की तो टीव्हीकडे हात करायचा, आणि जाहिराती लागल्या की आत जाऊन पडायचा. मी स्वयंपाकघरात असले तर विचारायची, “दिसला का?” तो टेबलावर दोनदा टिचकी मारायचा. म्हणजे दिसला.

मग मालिकेच्या निर्मात्यांचा एका खऱ्या चहा कंपनीशी करार झाला. दुकानाच्या फळीवर यापुढे त्यांचे डबे ठेवायचे होते. आमच्या धंद्यात हे होत असतं. मालिका चालली की खोट्या मालाची जागा खरा माल विकत घेतो. शेडमध्ये यादी आली, कोणत्या वस्तू काढायच्या, आणि तिच्यात पहिलंच नाव तुर्रेवाला होतं. बदल पंधरवड्यात करायचा होता. पडद्यावर तो त्यानंतर काही आठवड्यांनी दिसला असता, कारण भाग आधी चित्रित होऊन ठेवलेले असतात.

घरी सांगणं भाग होतं. तो रोज बघत होता.

त्याने ऐकून घेतलं. रुमालाने ओठाची कड पुसली. “मी आहे तोवर राहू दे,” तो म्हणाला. “नंतर काय करायचं ते करा.” त्याआधी आणि त्यानंतर, आजारपणात त्याने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. पाणीसुद्धा तो स्वतः उठून घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी मी करारातला संबंधित भाग मागवून वाचला. वाचणं हेच माझं काम आहे. त्यात शब्द होते ‘चहा व तत्सम पेये’. इतर वस्तूंबद्दल काही नव्हतं. मी कलादिग्दर्शक बाईंकडे गेले आणि विचारलं, तुर्रेवाल्याने दुसरा माल काढला तर चालेल का. त्यांना नवऱ्याच्या आजाराची कल्पना होती. त्यांनी यादी पाहिली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाल्या, “घर में पूछ लो, क्या बेचेंगे.”

घरी बैठक झाली. छपाईवाल्याने काही नमुने सुचवून दिले होते. मी ते वाचले.

“बूट पॉलिश.”

नवऱ्याने डोक्याभोवती हात फिरवून फेटा बांधल्याची खूण केली आणि नकारार्थी मान हलवली. “फेटा बांधून बूट पॉलिश?”

“डांबराच्या गोळ्या.”

“मी अजून आहे,” तो म्हणाला.

“मीठ.”

“डॉक्टर कमी खा म्हणतात.”

मुलगी जमिनीवर बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होती. ती मान वर न करता म्हणाली, “बाबा, यू आर रिअली नेगोशिएटिंग युवर प्रोडक्ट लाइन.” तो हसला. हसलं की त्याच्या ओठांतून लाळ यायची, म्हणून तो हसणं टाळायचा. त्या दिवशी टाळलं नाही. मुलीने उठून रुमाल दिला आणि पुन्हा जाऊन बसली.

“हिंग,” मी म्हणाले.

त्याने विचार केला. “हिंग चालेल,” तो म्हणाला. “थोडा लागतो, पण लागतोच.”

हिंगाची डबी लहान असते. चेहरा बोटाच्या पेराएवढा झाला. तरीही छपाईवाल्याने तुऱ्याची एकेक रेघ राखली. बाईंनी डब्या फळीवर ठेवल्या नाहीत, गल्ल्याशेजारी ठेवल्या. मालकीण पैसे घेताना कॅमेरा गल्ल्यावर येतो, त्यामुळे चहाच्या डब्यापेक्षा ती डबी जास्त वेळा आणि जास्त जवळून दिसू लागली. लेखकाकडून त्यांनी एक वाक्यही लिहून घेतलं. मालकीण एका गिऱ्हाइकाला म्हणते, “अब तुर्रेवाले ने हींग भी निकाली है.” तो भाग लागला त्या दिवशी नवऱ्याने मुलीकडून ते वाक्य पुन्हा लावून घेतलं. मग आणखी एकदा.

गावाहून चुलतभावाचा फोन आला. “दादा, धंदा वाढवलास काय?”

नवऱ्याचं बोलणं फोनवर कळत नसे. तो जे म्हणाला ते मी सांगितलं: “दादा म्हणतात, एजन्सीचा अर्ज अजून आलेला नाही.”

पलीकडे तो हसायला लागला.

पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे इथल्या कडक उन्हाळ्यात, आजार परत आला. या वेळी काढण्यासारखं काही नव्हतं. नळीतून जेवण सुरू झालं. शेवटचे दिवस तो रुग्णालयात होता. खोलीत टीव्ही होता, पण त्या वाहिनीची जोडणी नव्हती. मुलगी संध्याकाळी फोन त्याच्यासमोर धरायची. डबी दिसली की तो गादीवर बोटाने टिचकी मारायचा. गादीवर आवाज होत नसे.

तो एका कामाच्या दिवशी सकाळी गेला. कागदपत्रं नवऱ्याच्या कंपनीतल्या लोकांनी केली. स्मशानभूमीत इमारतीतली माणसं आली, खालचा किराणावाला दुकान बंद ठेवून आला. शेडमधून छपाईवाला आणि सुतार आले. परत आल्यावर शेजारणीने पिठलं-भात आणून ठेवला. संध्याकाळी मुलीने सवयीने टीव्ही लावला आणि मग रिमोट हातात धरून उभी राहिली. मालकीण गल्ल्यावर बसली होती. तिने फोन ठेवायला जागा करताना डबी उचलली आणि थोडी बाजूला ठेवली. चेहरा कॅमेऱ्याकडे आला.

“ही इज स्टिल देअर,” मुलगी म्हणाली.

“आधी शूट केलेलं आहे,” मी सांगितलं.

“आय नो, आई.”

त्यानंतरचे बरेच दिवस ते भाग लागत राहिले. आम्ही दोघी बघत होतो. टिचकी कोणी मारली नाही.

अस्थी घेऊन आम्ही गावी गेलो. विधी चुलतभावाने केले. दिवसभर तो आमच्याबरोबर होता आणि चहाबद्दल काही बोलला नाही. निघताना मात्र त्याने विचारलं, “वहिनी, ते नाव आता कुणाचं?”

“कुणाचंच नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं.

काही महिन्यांनी मालिका नव्या हंगामात गेली. नियमाप्रमाणे सगळी नावं पुन्हा तपासायला आली. मी ओळीने बघत गेले. साबण नाही. लोणचं नाही. अगरबत्ती नाही. तुर्रेवाला टाकलं आणि पहिलाच निकाल आला: ‘तुर्रेवाला चहा’, आमच्या गावचं नाव, एसटी स्टँडसमोर. परवान्याचा क्रमांक. आठवड्याची सुट्टी. कोणीतरी काढलेला फोटो होता. रिचार्जच्या दुकानावरची जुनी पाटी काढून तिथे नवी लावली होती, आणि पाटीवर फेटा बांधलेला माझा नवरा होता. चित्र टीव्हीवरून मोबाइलने काढलेलं, त्यामुळे कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह अर्धवट आलं होतं आणि हनुवटीचा भाग पुसट होता. खाली पातेलं, स्टोव्ह आणि बाकावर बसलेली चार माणसं.

मी कलादिग्दर्शक बाईंना सांगितलं. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला. “गाँव की टपरी है,” त्या म्हणाल्या. “कौन देखेगा? रहने दो.”

परवाना असलेलं दुकान म्हणजे व्यवसाय. त्या नावाची वस्तू पडद्यावर ठेवायची तर त्याची लेखी परवानगी लागते, आणि परवानगी देणारा माझा चुलत दीर असेल तर ती मी तपासू शकत नाही. हे मी त्यांना सांगितलं. दुसरं एक कारण होतं, ते सांगितलं नाही. नवऱ्याने ‘मी आहे तोवर’ म्हटलं होतं. तेवढं झालं होतं.

मी त्या ओळीसमोर लिहिलं: ‘या नावाचा व्यवसाय अस्तित्वात आहे.’ या नोकरीत मी हे वाक्य नव्या नावांपुढे पुष्कळदा लिहिलं आहे. आधी नाही म्हणून लिहिलेल्या नावापुढे ते लिहायची ती पहिलीच वेळ होती.

काढलेला खोटा माल आमच्याकडे चिरडून टाकतात. खाण्याच्या वस्तूंचं तर काटेकोरपणे, कारण एखादा पुडा बाहेर गेला तर कोणीतरी तो फोडून खाईल. छपाईवाल्याने हिंगाच्या डब्या यंत्रात टाकण्याआधी माझ्याकडे पाहिलं. “ताई, एक ठेवा. कोण विचारतंय?” मी नको म्हणाले. घरी फोटो होता. त्याने यंत्र सुरू केलं आणि पाठ फिरवून उभा राहिला.

त्याच आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. मागे माणसांचे आणि गाड्यांचे आवाज होते.

“वहिनी, रागावला न्हाईसा न्हवं? विचारायचं हुतं, पण धाडस झालं न्हाई.”

“नाही रागावले.”

“फोटो टीव्हीवरनं काढलाय. दादाची हनुवटी नीट येईना. तुमच्याकडं चांगला असला तर पाठवा.”

मी मूळ फोटो शोधून त्याला पाठवला. फेटा, तुरा, मिशी, पूर्ण चेहरा. त्याने फोन चालू ठेवूनच तो उघडून बघितला. मग म्हणाला, “नवी पाटी करतो. पुड्याबी छापणार हाय, पाव किलोच्या. डब्यावर मागं जे बारीक लिवलं हुतं, ते घालू का? कोरड्या जागी ठेवावा म्हणून?”

“घाला. पत्ता तेवढा बदला. तो पत्ता खरा नाही.”

“मग काय लिवू? सगळी म्हणत्यात दुबईवाल्या दादाचा चहा. खाली दुबई लिवू?”

“दुबई लिहू नका, भाऊजी,” मी म्हणाले. “इथे आता तो नाही. तुमचा पत्ता लिहा.”

“बरं,” तो म्हणाला. कोणीतरी त्याला दोन कटिंग सांगितले, आणि त्याने फोन न कापता तसाच बाकावर ठेवला. पातेल्यात पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला.